भवानी पेठेतून स्क्वाड्रनचा इतिहास

माझ्या पाठीचा मणका मोडला तेव्हा हेलिकॉप्टर पडलं नव्हतं. हे सांगून सांगून मी दमले. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा, आणि पडलं नव्हतं म्हटलं की थोडा हिरमुसायचा. आम्ही जहाजाच्या डेकवर उतरत होतो. समुद्र खवळलेला होता. चाकं टेकणार तेवढ्यात लाटेबरोबर डेकच वर आला आणि खालून असा दणका बसला की माझे दात एकमेकांवर आपटले. वैमानिकाची चूक नव्हती, कुणाचीच नव्हती. बाकीचे हातपाय झाडत उतरले. मला सीटवरून उठता येईना.

नौदलाच्या एका हेलिकॉप्टर स्क्वाड्रनमध्ये मी ऑब्झर्व्हर होते. ऑब्झर्व्हर हेलिकॉप्टर चालवत नाही. तो मागे बसून रडार बघतो, पाण्याखालचे आवाज ऐकतो, पाणबुडी शोधतो आणि कुठे जायचं ते वैमानिकाला सांगतो. अप्पांना हे कधी नीट पटलं नाही. दुकानात कुणी विचारलं की ते बिनधास्त सांगायचे, "पोरगी हेलिकॉप्टर चालवते की." मी दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

नौदलाच्या रुग्णालयातून सुटल्यावर मला मोठ्या रजेवर घरी पाठवलं. घर म्हणजे सोलापूर, भवानी पेठ. खाली अप्पांचं टॉवेल-चादरींचं दुकान, वर आम्ही. जिना उभा आणि अरुंद. गल्लीतल्या माणसांनी मला खुर्चीत बसवून, खुर्ची तिरपी करत वर चढवलं, आणि वर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की आता मी खाली जाणार नाही. डॉक्टरांनी जिना बंद केला होता. काखेपासून कमरेपर्यंत प्लॅस्टिकचा कडक पट्टा होता. उठून बसायचं तर आईनं, आमच्या अव्वानं, आधी तो आवळायचा, मग मी कुशीवर वळायचं, मग उठायचं. ती नसती तर मला पाणीसुद्धा पिता आलं नसतं. ही गोष्ट तिला आवडत होती हे मला दिसायचं, आणि त्याचा राग येऊनही मला दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं.

उन्हाळा सुरू झाला. पंखा गरम हवा ढवळायचा. समोरच्या बोळात माग चालायचे. त्या आवाजातून, कानांना सवयच तशी असल्यामुळे, कुठला माग बंद पडला ते मी पडल्या पडल्या ओळखायला लागले. नळाला पाणी यायच्या दिवशी सगळी गल्ली धावायची, घागरी आदळायच्या, अव्वा वरखाली करायची, आणि मी छताकडे बघत पडलेली असायचे. कधी होटगी रोडच्या विमानतळावरून उडालेलं विमान घरावरून जायचं. तेव्हा मी मुद्दाम डोळे मिटून घ्यायचे.

संध्याकाळी नातेवाईक येत. बायका माझ्या पलंगाभोवती बसून माझ्याबद्दल कन्नडमध्ये बोलत. मला कन्नड येत नाही असं नव्हे. मी तिथे नाहीच असं त्यांना वाटत असावं. "पाठीचं स्थळवाल्यांना सांगायचंच कशाला?" एक मावशी म्हणाली. "नोकरी सुटली की आपोआप झाकलं जातं." अव्वा नुसती चहाचे कप गोळा करत राहिली. तिनं 'नोकरी सुटणार नाही' असं म्हणावं म्हणून मी वाट बघितली. ती म्हणाली नाही.

अशातच एक दिवस आमच्या कमांडिंग ऑफिसरांचा फोन आला. पुढच्या वर्षी स्क्वाड्रनचा सुवर्णमहोत्सव होता आणि इतिहासाचं पुस्तक काढायचं होतं. बाकी सगळे उडण्यात गुंतलेले. "तू तशीही पडूनच आहेस," सर म्हणाले. ते फटकळ होते, दुष्ट नव्हते. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणून मी करणार काय होते?

अप्पांनी मालाच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून पोटावर ठेवायचं एक टेबल करून दिलं. त्यावर लॅपटॉप, आणि मी आडवी. तळावरून जुन्या फोटोंच्या आणि अहवालांच्या प्रती येऊ लागल्या. समुद्रापासून इतक्या लांब, जिथे आठवड्यातून एकदोनदा नळाला पाणी येतं अशा गल्लीत पडून, मी समुद्रावर उडणाऱ्या माणसांचा इतिहास लिहू लागले.

स्क्वाड्रनचा इतिहास लिहिणं अवघड असतं, कारण स्क्वाड्रन कधीच एका जागी नसते. एक हेलिकॉप्टर या जहाजावर, दुसरं त्या जहाजावर, काही तळावर उघडून ठेवलेली. सुरुवातीची हेलिकॉप्टरं खोक्यांतून आली होती. ती जोडणाऱ्या माणसांचा एक फोटो होता, पत्र्याच्या शेडखाली, अंगात बनियन. मग पाणबुड्या शोधण्याचे सराव, मग वादळात सापडलेल्या मच्छीमारांना दोरीनं वर ओढून घेणं, पुरात छपरांवरून माणसं उचलणं. मला ते सगळं वाचायला आवडायचं आणि सहनही व्हायचं नाही. प्रत्येक फोटोत कुणीतरी हेलिकॉप्टरमध्ये चढत असायचं.

सुरुवातीच्या वर्षांतल्या एका अपघाताबद्दल अहवालात जेमतेम दोन ओळी होत्या. इंजिन बंद पडल्यानं हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं, सर्व जण सुखरूप वाचले. त्या चमूतला एक नाविक आमच्याच जिल्ह्यातला, माळशिरसकडचा होता. सर म्हणाले, "ते हयात आहेत. पण आमचा फोन उचलत नाहीत."

अप्पांच्या दुकानातून माल नेणारा माळशिरसचा एक व्यापारी होता. त्याच्याकडे निरोप धाडला. पुढे बरेच दिवस काहीच झालं नाही, मीही ते सोडून दिलं. आणि एका दुपारी अप्पा खालून ओरडले, "अगं, तुझ्या नेव्हीचं माणूस आलंय."

जिन्यावर सावकाश पावलं वाजली. दारात एक सत्तरी ओलांडलेला माणूस उभा राहिला. पांढरा पायजमा, शर्ट, डोक्याला टोपी, ऊस लावणाऱ्या माणसाचे रापलेले हात. त्यानं टाचा जुळवल्या. "आत यायची परवानगी हाय का, मॅडम?"

मी सवयीनं उठायला गेले आणि पाठीतून कळ आली.

"पडून ऱ्हावा, पडून ऱ्हावा," ते घाईनं म्हणाले. "माझ्यासाटी उटू नका."

अव्वानं पंख्याखाली खुर्ची ठेवली. त्यांनी ती उचलली आणि गॅलरीच्या दारात नेली, अर्धी आत, अर्धी उन्हात. "हितंच बरं हाय," ते म्हणाले. पाठीवर ऊन घेत बसले. अव्वानं शेंगाची चटणी आणि भाकरी वाढली. ती त्यांनी मन लावून खाल्ली, आणि ताट बाजूला सारून मग मला विचारलं, "काय काय लिवलंय त्यात?"

मी त्या दोन ओळी मराठीत सांगितल्या. 'सुखरूप' शब्दाला ते हसले. बरं वाटावं असं ते हसू नव्हतं.

"सकाळचं उडालो हुतो," ते म्हणाले. "इंजान गप झालं. पान्यावर टेकलो तवर ठीक. मग ते उलटं झालं. मी मागं हुतो. मॅडम, वरचं खाली झालं की मानसाला दिशा ऱ्हात न्हाय. पट्टा सोडला आन् दाराकडं गेलो, तर दारच न्हाय. म्हंजे हुतं, पन दुसऱ्या अंगाला. पुढचे दोघं निसटलं. मी शेपटाकडं. तितं वर थोडी हवा ऱ्हायली हुती. तितं नाक लावून बसलो."

"किती वेळ?"

"आता ते कसं सांगू? माझ्या मतानं अजून हाय मी तितं." त्यांनी खुर्ची आणखी उन्हात सरकवली. "ती हवा जपून घ्यायची, एवढं कळत हुतं. पन छाती ऐकंना. ती भसाभसा वडायला लागली. मग हवा संपली. संपली म्हनून मी हललो, हातपाय झाडलं, आन् पाय लागला तितं खिडकी हुती. वर आलो तर बोटीत मला मेलेला धरून चाललं हुतं."

खाली दुकानात अप्पा कुणाला तरी चादर झटकून दाखवत होते. मला त्या पाण्यातलं काही नवीन नव्हतं. आमचं प्रशिक्षणच असतं, तलावात खोटी केबिन उलटी करतात, आत आम्ही पट्ट्यांनी बांधलेले. एक हात ठरावीक जागी घट्ट धरायचा, सगळं थांबेपर्यंत हलायचं नाही, मगच पट्टा सोडायचा. त्यांना त्यातलं काहीच शिकवलेलं नव्हतं. मी त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी खुर्चीची कड एका हातानं घट्ट धरून बघितली. "एक हात धरून ठिवायचा," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढंच हुतं व्हय?"

त्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. डॉक्टरांनी उडायला योग्य म्हणून शिक्का मारला. पण हेलिकॉप्टरच्या पायरीवर पाय ठेवला की पोटऱ्या थरथरायच्या आणि घाम फुटायचा. शेवटी त्या वेळच्या साहेबांनी त्यांना डेकवरचं काम दिलं, हेलिकॉप्टरांना हातानं खुणा करून उतरवायचं. बाकीची सगळी नोकरी त्यांनी डेकवर काढली.

मला जे विचारायचं होतं ते पुस्तकासाठी नव्हतं. "मग सवय झाली का? खाली राहायची?"

मला हो ऐकायचं होतं. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस मला हो म्हणूनच सांगायचा, होते गं सवय, सगळ्याची होते.

"न्हाय," ते म्हणाले. "बाकीचं उडायचं आन् मी हात हलवायचो. लोकं इचारायची, कसं चाललंय? मी म्हनायचो, बेस. आतनं जळायचो. तुमाला खोटं कशाला सांगू?"

कुणीतरी खरं बोललं म्हणून मला रडू आलं. पट्ट्यात रडणंही अवघड असतं, छाती फुगायला जागा नसते. त्यांनी तोंड गॅलरीकडे फिरवलं आणि मला माझा वेळ दिला.

नंतर मी विचारलं, "घरी माहीत आहे?"

"घरी काय सांगायचं? आजबी मला खोलीत झोप येत न्हाय. अंगनात बाज टाकतो. मंडळीला सांगितलं, आत उकडतं."

"थंडीतही?"

"थंडीत कायबी सांगत न्हाय." मग ते उठले, टोपी नीट केली. "लिवा तुमी. पन 'सुखरूप' काडून टाका."

मी ते प्रकरण एका दमात लिहिलं. त्यात त्यांची भीती लिहिली, थरथरणाऱ्या पोटऱ्या लिहिल्या, जळणं लिहिलं, बंद खोलीत न येणारी झोपही लिहिली. सरांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"हे उत्सवाचं पुस्तक आहे," ते म्हणाले. "तू आपल्या माणसाला भेदरलेला दाखवते आहेस."

"सर, ते भेदरले होते. त्यांनीच लिहायला सांगितलंय."

"त्यांना कळतंय का, हे छापलं जाणार आहे?"

"तुम्हीच विचारा."

त्यांनी विचारलं. या वेळी माळशिरसला फोन उचलला गेला. सरांनी मला नंतर सांगितलं की पलीकडून फक्त "यस सर" एवढंच उत्तर आलं, पण ते असं आलं की पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. प्रकरण पुस्तकात राहिलं.

पावसाळा उतरता उतरता म्हाताऱ्यांचा मला फोन आला. बायकोच्या डोळ्यांसाठी तिला सोलापूरला आणायचं होतं. "तुमी लिवलंय ते इंग्रजीत हाय. तिला जरा वाचून दाखवाल का? मला तोंडानं सांगता येत न्हाय."

ते तिला जिन्याच्या वर सोडून लगेच खाली गेले आणि दुकानाच्या पायरीवर बसले. बाई बारीक, नऊवारी नेसलेल्या, डोळ्यांत औषध घातल्यामुळे पदरानं सारखं पाणी टिपत होत्या. तोवर मला आधारानं बसता येत होतं. अव्वाही भिंतीला टेकून बसली. मी इंग्रजी बघत बघत मराठीत सांगू लागले. उलटलेलं हेलिकॉप्टर, चुकलेलं दार, शेपटाकडची हवा. बाई मान हलवत होत्या, दुसऱ्याच कुणाची हकिगत ऐकावी तशा. मी बंद खोलीबद्दलच्या ओळीवर आले आणि त्यांची मान थांबली.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"उकडतं म्हनून न्हवं तर."

"नाही. त्यांना कोंडल्यासारखं होतं. त्या दिवसापासून."

बाई माझ्याशी न बोलता अव्वाशी बोलल्या. "हे रजेवर आलं की बाज उचलून भाईर. सासू म्हनायची, तुला नवरा आत ठिवता येत न्हाय. गाव म्हनायचं, वारं लागलंय. मला वाटायचं, मीच नको हुते." त्यांचा आवाज चढला नाही. "पोरं झाली, नातवंडं झाली, तरी वाटायचंच. एवढंच बोलायचं हुतं की हो. एकदा."

अव्वानं त्यांचा हात धरला. बाई उठल्या, गॅलरीत गेल्या, खाली पायरीवर बसलेल्या टोपीकडे बघत उभ्या राहिल्या. हाक मारली नाही. "जाते," म्हणाल्या, आणि कठडा चाचपत उतरल्या.

पुढे त्या दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. दिवाळीनंतर मी फोन केला तेव्हा बाईंनीच उचलला. मी यजमानांची चौकशी केली. "हे व्हय? अंगनात हायत," त्या म्हणाल्या. "मीबी हितंच हाय. माजीबी बाज भाईर काडली. गार लई लागतंय." आणि त्या हसल्या.

पण हे सांगताना मी पुढे गेले. बाई गेल्या त्याच संध्याकाळी अव्वा माझा पट्टा सैल करत होती. "तूही अशी पाण्यात गेली असतीस?" तिनं विचारलं.

"जाऊ शकले असते. पण आम्हाला बाहेर यायला शिकवतात." मी तिला तलावातली केबिन सांगितली. तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ऐकताना तिचे हात पट्ट्यावर तसेच राहिले.

"मी सिद्धरामेश्वराला मागितलंय," ती म्हणाली. "तू पुन्हा उडू नयेस म्हणून. दर सोमवारी मागते."

मला आधी समजलंच नाही. "माझ्याविरुद्ध?"

"हो. तुझ्याविरुद्ध." तिचे डोळे कोरडे होते. "तू बरी हो, असंही मागते. पण आधी ते."

"मी इथे काय काढतेय ते तुला दिसत नाही का, अव्वा? या पलंगावर?"

"दिसतं की. पण इथं दिसतं तरी."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. पण जिच्याशी बोलायचं नाही तिनंच उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं. रागानं खोलीबाहेर जायलासुद्धा मला तिचाच खांदा लागायचा. अप्पा जेवताना दोघींकडे बघायचे आणि उगाचच चादरींच्या मालाबद्दल बोलायचे. आम्ही दोघी न बोलता पट्टा बांधायला शिकलो. ती आवळायची, मी हातानं खूण करायचे, पुरे. एका सोमवारी ती देवळात गेली नाही. मला वाटलं, पाय दुखत असतील.

थंडीत मला वैद्यकीय मंडळासमोर बोलावलं. मी चालत जिना उतरले, अप्पांचा हात धरून, एकेक पायरी. तळावरच्या रुग्णालयात पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. मंडळावरच्या बाई डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं. उभ्यानं सांगता येतील अशा गोष्टींना कुणी बसा म्हणत नाही. मणका जुळला होता, पण हेलिकॉप्टरची थरथर आणि डेकवरचे दणके तो सोसणार नव्हता. उड्डाण कायमचं बंद. नोकरी राहील, जमिनीवर.

व्हरांड्यातून घरी फोन लावला. अव्वानं उचलला. मी एका वाक्यात सांगितलं आणि तिच्या तोंडून सुटकेचा आवाज निघेल म्हणून दात आवळून थांबले. पलीकडे ती रडत होती.

"मी परत घेतलं होतं गं मागणं," ती म्हणाली. "त्या बाई येऊन गेल्यावर. देवाला सांगितलं होतं, राहू दे, तिला जाऊ दे."

मागणं परत घेता येतं का, ते मला माहीत नाही. माझ्या मणक्याला तिच्या मागण्याशी काही देणंघेणं नव्हतं, हे मला कळत होतं. तरीही मी भिंतीला टेकून तिला समजावत राहिले, "अगं, तुझ्यामुळे नाही, तुझ्यामुळे नाही." निकाल माझा होता, आणि समजूत मी तिची काढत होते. कितीतरी महिन्यांनी आम्ही बोलत होतो.

सुवर्णमहोत्सवाला मी गणवेशात होते, पट्टा आतून. पुस्तक सगळ्यांच्या हातात होतं. वाचत कुणीच नव्हतं. जुने लोक फोटोंत स्वतःला शोधत होते, तरुण लोक जेवणाची वाट बघत होते. एक निवृत्त यंत्रज्ञ त्या पत्र्याच्या शेडखालच्या फोटोवर बोट ठेवून बायकोला सांगत होता, "हा मी, हा." त्या फोटोत त्याचं फक्त कोपर आलं होतं.

मग सलामीसाठी हेलिकॉप्टरं उडाली. वाऱ्यानं शामियाना फडफडला, टोप्या धरल्या गेल्या. मागच्या सीटवर माझ्यानंतर आलेली मुलगी होती. मी तिला सकाळी हवामान सांगितलं होतं, आता तेच माझं काम. वर बघितलं आणि आतून जे जळलं त्याला अभिमान म्हणता आलं असतं, शेजारी उभ्या असलेल्या सरांना तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. हेलिकॉप्टरं वळून समुद्राकडे गेली, आणि दक्षिणेकडून वारा वाढतोय का ते बघायला मी आत, माझ्या टेबलाकडे गेले.